बापाची कॅसेट माळ्यावर, पोराचा गेम कुठंच नाही! जुन्या गेमची आठवण पिढीगणिक वेगळी का?

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरचं सगळं अंगणात येतं. फुटका रेडिओ, पोरांची जुनी दप्तरं, लग्नातल्या पितळी भांड्यांचं गाठोडं आणि एखाद्या घरात पिवळ्या प्लॅस्टिकची एक कॅसेट. चाळिशीतला घरधनी ती उचलतो, बनियनला पुसतो आणि नकळत तिच्या तोंडात फुंकर मारतो. शेजारी उभा असलेला एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा बघत राहतो. त्याला त्या फुंकरीचा अर्थ कळत नाही.

पण त्याच पोराला विचारलं, की बाबा तुला कुठला जुना गेम आठवतो, तर तो लगेच सांगतो, 'पबजी लाईट'. यावर बाप हसतो. पाच-सहा वर्षांपूर्वीचं कसलं आलंय जुनं? हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. बापाची आठवण हातात धरता येते, पुसता येते, कदाचित चालूही करता येते. पोराची आठवण कुठल्याच माळ्यावर सापडणार नाही. आणि या आठवणींचा धंदा करणारे लोक आता मोबाईलमधून थेट घरापर्यंत पोहोचलेत, म्हणून ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी.

एक रुपयाचा मुस्तफा

आज पंचेचाळिशीच्या आसपास असलेल्यांचा पहिला गेम घरात नव्हताच. तो होता तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या मागे किंवा थिएटरच्या बाजूला, पडदा लावलेल्या अंधाऱ्या गाळ्यात. लाकडी कपाटासारखं यंत्र, वर काच, खाली दांडी आणि बटणं. नाणं टाकायचं आणि जीव जाईपर्यंत खेळायचं.

त्यातला सगळ्यांना पाठ असलेला गेम म्हणजे 'मुस्तफा'. त्याचं खरं नाव आजही अनेकांना माहीत नाही. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं १९९३ साली काढलेला तो 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स'. त्यात चार गडी निवडता यायचे. जॅक, हॅना, मेस आणि पिवळ्या टोपीवाला मुस्तफा. आपल्याकडच्या पोरांनी मुस्तफालाच धरलं आणि अख्ख्या गेमला त्याचं नाव देऊन टाकलं. कंपनीला विचारलं कुणी?

या पिढीच्या आठवणीत गेम कमी आणि चोरी जास्त आहे. बाजाराच्या दिवशी आईनं मिठाला दिलेल्या पैशातला रुपया, क्लास बुडवून मारलेली चक्कर, मागे उभं राहून दुसऱ्याचा खेळ फुकटात बघणं आणि पार्लरच्या दारात अचानक उगवलेले चुलते. ती आठवण पोरांचीच आहे हेही सांगायला हवं. त्या गाळ्यात मुली जात नव्हत्या. त्यामुळे त्याच वयाच्या बायकांना मुस्तफा विचारला तर त्या नुसत्या बघतात.

हा गेम पुढे घरी खेळायच्या कुठल्याही यंत्रावर अधिकृतपणे आलाच नाही. आज तो जिथं दिसतो ती बहुतेक नक्कलच असते.

कॅसेट, फुंकर आणि गेलेली लाईट

त्यानंतरची, म्हणजे आज तिशी ते चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे असलेली पिढी घरच्या टीव्ही गेमची. जपानच्या निन्टेंडो कंपनीनं जुलै १९८३ मध्ये 'फॅमिकॉम' नावाचा डबा काढला. आपल्याकडे खेड्यात पोहोचला तो खरा डबा नव्हता, त्याची नक्कल होती. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली असल्या बाजारांतून 'मीडिया'सारख्या नावांचे डबे तालुक्याच्या इलेक्ट्रिक दुकानापर्यंत यायचे. मुंबईहून सुट्टीला येणारा मामा हा दुसरा मार्ग.

कॅसेटवर लिहिलेलं असायचं '९९९९९९९ इन १'. चालू केल्यावर कळायचं की गेम मोजून दहा-बारा, बाकी तेच उलटसुलट करून भरलेले. तरी त्यात १९८५ चा 'सुपर मारिओ' असला आणि 'कॉन्ट्रा' असला की उन्हाळा निघून जायचा. कॉन्ट्रा दोघांनी खेळायचा. आपल्या लाइफ संपल्या की जोडीदाराच्या उचलता यायच्या, आणि त्यावरून सख्ख्या भावाभावांत जी मारामारी व्हायची ती पुढं बांधाच्या वाटणीतही झाली नसेल. तीस लाइफ मिळवायची बटणांची जुळणी तोंडपाठ असायची. वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए. ही जुळणी काझुहिसा हाशिमोतो या जपानी माणसानं आधी 'ग्रॅडियस' नावाच्या गेमसाठी केली होती, कारण स्वतः तपासताना त्याला तो गेम फार अवघड जायचा. हाशिमोतो फेब्रुवारी २०२० मध्ये वारले.

या डब्यानं एक मोठा फरक केला. गेम घरात आला, तशा बहिणीही खेळायला बसल्या. रिमोट दोन आणि पोरं सात, म्हणजे पाळी लावणं आलं. 'मी मेलो की तू' हा नियम. आज चाळिशीतल्या कित्येक बायका मारिओचा पहिला टप्पा डोळे झाकून सांगतील.

आणि मधे लाईट जायची. त्या काळच्या बहुतेक गेममध्ये आपण कुठवर आलो ते साठवून ठेवायची सोय नव्हती. सातव्या दुनियेत पोहोचलेला मारिओ लाईट गेली की परत पहिल्या दुनियेत. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण भागात दहा-बारा तास भारनियमन असायचं, त्यामुळे राजकन्येपर्यंत पोहोचलेला पोरगा गावात एखादाच. आजही या पिढीला त्या गेमची आठवण आली की सोबत लाईट जाण्याची आठवण येतेच.

घरातल्या म्हाताऱ्यांची आठवण वेगळीच. त्यांच्या लेखी तो डबा म्हणजे टीव्हीची ट्यूब खाणारा राक्षस. एकच चित्र तासन् तास पडद्यावर राहिलं तर जुन्या काचेच्या टीव्हीवर त्याचा डाग उमटू शकतो हे खरं आहे, पण पोरांच्या दोन तासांच्या खेळानं ट्यूब जात नव्हती. आजोबांना बातम्या बघायच्या असायच्या, एवढंच त्यामागचं शास्त्र.

साप आणि मेमरी कार्ड

मग मोबाईल आला. नोकियानं सापाचा खेळ पहिल्यांदा १९९७ च्या ६११० या फोनमध्ये दिला, पण खेड्यात साप शिरला तो २००३ च्या ११०० मधून. टॉर्चवाला, धुळीला न घाबरणारा तो फोन जगभरात पंचवीस कोटींहून जास्त खपला. तो घरात एकच असायचा आणि बापाच्या खिशात असायचा. त्यामुळे साप खेळायला मिळायचा तो बाप जेवायला बसल्यावर, किंवा रात्री पाणी द्यायला शेतात गेल्यावर बांधावर.

पुढं रंगीत फोन, मोबाईलच्या दुकानात वीस-तीस रुपयांत भरून मिळणारं मेमरी कार्ड, त्यात गाणी आणि चार गेम फुकट. तालुक्याच्या सायबर कॅफेत तासावर 'व्हाईस सिटी'. ही मधली पिढी आहे. तिला कॅसेटही थोडी आठवते, पबजीही थोडं. आणि ती आठवणींबद्दल फारसं बोलत नाही, कारण सध्या तिचे हप्ते चालू आहेत.

पारावरचे चौघे

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. मार्च २०१८ मध्ये पबजी मोबाईल आलं. पण गावातल्या पोरांच्या हातातला दोन जीबी रॅमचा फोन त्यानं गरम होऊन बंद पडायचा. त्यांच्यासाठी 'पबजी मोबाईल लाईट' होतं. मोठ्या गेममध्ये शंभर जण उतरायचे, लाईटमध्ये साठ. नकाशा लहान, फोनवर ओझं कमी. दुसरा पर्याय 'फ्री फायर'.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ऑनलाईन तासासाठी म्हणून घराघरात स्मार्टफोन घेतला गेला, कुठं शेळी विकून, कुठं सोसायटीच्या उचलीतून. पोरं रेंज सापडते तिथं जमायची. देवळाचा पार, पाण्याची टाकी, माळावरचं खडकाचं टेकाड. चौघांची एक टीम, चार फोन, आणि आरडाओरडा इतका की खरंच गोळ्या सुटतायत असं वाटावं. चौघांपैकी एकाचा डेटा संपला की दुसरा हॉटस्पॉट द्यायचा.

आज ती पोरं एकोणीस ते पंचवीस वर्षांची आहेत. कुणी चाकणच्या कंपनीत कंत्राटी, कुणी पोलीस भरतीच्या तयारीत, कुणी बापासोबत शेतात. त्यांना आठवतो तो पार आणि ते चौघे. गेम त्या आठवणीचं निमित्त.

आठवण नेमकी कशाची?

इंग्रजीत ज्याला नॉस्टॅल्जिया म्हणतात तो शब्द १६८८ साली योहान्स होफर नावाच्या स्विस वैद्यकीय विद्यार्थ्यानं बनवला. घरापासून लांब गेलेल्या माणसांना गावाच्या आठवणीनं येणारं आजारपण, असा त्याचा मूळ अर्थ. परमुलखात लढायला गेलेले स्विस सैनिक त्या काळी या दुखण्यासाठी प्रसिद्ध होते. आधी ती गावाची ओढ होती, काळाची ओढ हा अर्थ नंतर चिकटला. चाकणच्या खोलीवर पडून पबजी लाईटचं नाव काढणारा पोरगा हा होफरचा अस्सल रुग्ण म्हणावा लागेल.

मानसशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट वारंवार आढळली आहे. माणसाला आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी जास्त निघतात. पहिल्यांदा केलेल्या गोष्टी त्याच वयात असतात, म्हणून त्या खोल बसतात असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. म्हणजे 'आमच्या वेळचे गेमच भारी होते' हे प्रत्येक पिढी म्हणणारच. मुस्तफा भारी की पबजी, या वादाला अर्थ नाही. चौदाव्या वर्षी जे खेळलं ते भारी.

मग पिढ्यांमधला फरक कुठं आहे? तो आठवणीत कमी आणि गेम ठेवला कुठं जायचा यात जास्त आहे.

कॅसेटच्या आत एक चिप असते आणि संपूर्ण गेम त्या चिपवर कायमचा कोरलेला असतो. इंटरनेट नको, कंपनीची परवानगी नको. डबा चालला, वीज असली की गेम चालतो, चाळीस वर्षांनीसुद्धा. घरच्या गावरान बियाण्यासारखं आहे ते. गाडग्यात राख घालून ठेवलं की पुढल्या साली पेरता येतं. ऑनलाईन गेम म्हणजे कंपनीचं पाकीट. फोनमध्ये असतं ते निम्मंच, बाकी सगळं, म्हणजे खेळणारे लोक, तुमचा आयडी, तुमची पातळी, विकत घेतलेले कपडे, कंपनीच्या सर्व्हरवर. तिकडून बंद झालं की इकडं हातात नुसतं पाकीट.

तेच झालं. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारनं ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाईल आणि लाईट दोन्ही होते. ज्यांच्या फोनमध्ये आधीपासून होतं त्यांचं काही आठवडे चाललं, मग ३० ऑक्टोबर २०२० पासून भारतातली सेवाच थांबली. जुलै २०२१ मध्ये 'बीजीएमआय' नावानं मोठा गेम परत आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये गेलं, त्याचं 'मॅक्स' राहिलं. लाईट मात्र परत आलंच नाही. चांगला फोन असणाऱ्यांचा गेम परत मिळाला, साध्या फोनवाल्यांचा गेला तो गेलाच. सुरक्षेच्या कारणानं बंदी घालणं हा सरकारचा निर्णय, त्यावर वाद घालायची ही जागा नाही. पण ज्यांनी बापाच्या नकळत दोन-चारशे रुपये भरून गेममधले कपडे घेतले होते, त्यांच्याकडे पावतीसुद्धा नाही.

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनं २०२३ मध्ये पाहणी केली. २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात रीतसर मिळतच नाहीत, असं त्यात आढळलं. युबिसॉफ्ट कंपनीनं 'द क्रू' हा गाड्यांचा गेम ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला, आणि पैसे मोजून घेतलेला गेम लोकांच्या हातात निकामी झाला. त्यावरून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. विकलेला गेम बंद करताना तो चालू राहील अशी काही सोय कंपनीनं करून द्यावी, ही त्यांची मागणी. युरोपात या मागणीच्या अर्जावर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांवर सह्या झाल्या. आपल्याकडे असा विषय कुणी ग्रामसभेत काढला तर हसतील, पण पैसे आपल्या पोरांचेही गेलेत.

आठवणीचा बाजार

ओढ असली की गिऱ्हाईक तयार असतं. जत्रेत आणि ऑनलाईन चार-पाचशे रुपयांना मिळणारा '४०० इन १' हा हातातला गेम बापांसाठीच बनवलाय. त्यात तेच जुने मारिओ-कॉन्ट्रा असतात, बहुतेक विनापरवाना भरलेले. त्यातल्या अनेकांना नोकिया ११०० मध्ये असायची तीच बीएल-५सी बॅटरी लागते, ती आजही कुठल्याही मोबाईल दुकानात मिळते. लेकरासाठी म्हणून घेतात, लेकरू दहा मिनिटांत बाजूला ठेवतं, आणि रात्री बाप खेळत बसतो. त्यात नुकसान चार-पाचशे रुपयांचं, फार नाही.

धोका आहे तो पोरांच्या बाजारात. 'पबजी लाईट परत आलं' असं सांगून टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवर लिंक फिरवल्या जातात. त्यावर बोट ठेवलं की प्ले स्टोअर न उघडता थेट एपीके फाईल उतरते. ती बसवताना मेसेज वाचायची परवानगी मागते. ती दिली की बँकेचा ओटीपी समोरच्याला दिसतो. ट्रॅफिकच्या दंडाच्या नावानं, पीएम किसानच्या नावानं हीच चाल खेळली गेली आहे, इथं फक्त आमिष वेगळं. ज्या फोनमध्ये बापाचं दुधाचं किंवा उसाचं पेमेंट जमा झाल्याचा मेसेज येतो, त्याच फोनवर पोरगा जुना गेम शोधत असतो, हे लक्षात घ्या. जे ॲप बंद झालंय ते लिंकवर मिळत असेल तर ते खरं नाही असंच धरून चाला. फसवणूक झालीच तर पहिल्या तासातच १९३० या नंबरवर फोन करा, उशीर झाला की पैसे थांबवणं अवघड जातं.

दुसरं आमिष लुडो आणि रमीचं. लहानपणीचा घरचा खेळ म्हणून जाहिरात करायची आणि पैसे लावायला शिकवायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर बंदी आणली आहे, तो कौशल्याचा खेळ असो वा नशिबाचा. तरीही 'बोनस देतो' असा मेसेज आला तर तो पाठवणारा कोण, हे सांगायची गरज नाही.

माळ्यावरचा डबा चालू करायचा असेल तर

कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. फुंकरीनं काही होत नव्हतं, कॅसेट काढून परत घट्ट बसल्यामुळे गेम चालायचा. उलट तोंडाची वाफ पितळी टोकांना गंज आणते. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, कान साफ करायच्या कापसाच्या काडीनं ती टोकं हलकी पुसा आणि वाळू द्या. ॲडॉप्टर हरवला असेल तर डब्याच्या खाली लिहिलेले व्होल्ट आणि अधिक-उणेची खूण बघूनच दुसरा घ्या, घरातला कुठलाही लावू नका. एलईडी टीव्हीला मागे पिवळ्या-पांढऱ्या पिनांची जागा आहे का ते आधी पाहा.

एक गोष्ट मात्र चालणार नाही, बदकं मारायची बंदूक. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक छोटा भाग असतो. घोडा दाबला की क्षणभर पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला त्याच क्षणी तो उजेड दिसला तर बदक पडतं. काचेच्या ट्यूबवर हे बरोबर जमायचं. एलईडी टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, आणि बंदुकीचं गणित चुकतं. बदकं मारायची असतील तर जुना डबा टीव्ही शोधावा लागेल, आणि तो भंगारवाल्यानं कधीच नेलेला असतो.

पबजी लाईट खेळलेल्या पोरांकडे दुरुस्त करायला डबा नाही. पण जिंकल्यावर पडद्याचे काढलेले फोटो असतील. २०२० सालच्या तारखेचे, खाली चौघांची गेममधली नावं. डिस्प्ले फुटून कपाटात पडलेला तो जुना फोन चार्ज होत असेल तर मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे न्या. तात्पुरता दुसरा डिस्प्ले जोडून तो फोटो काढून देऊ शकतो. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र चार्जिंगला लावू नका, तसाच घेऊन जा.